खिळ्यांची गोळी

लोक अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतात. गोळी म्हणजे फक्त पुढचं शिसं. मागची पितळेची नळी असते ती पुंगळी. आमच्या गाळ्यावर कोणी चुकीचं बोललं की गुणाजीमामा त्याला तिथल्या तिथे सुधारतो, मग समोर प्रोड्युसर का असेना. मी कामाला लागले तेव्हा मलाही सुधारलं होतं. मी उलट बोलले. तो म्हणाला, "बोल गो. पण बरोबर बोल."

गाळा लालबागला, मिरच्या कांडतात त्या गल्लीच्या मागच्या बोळात. मामा सिनेमा-सिरीयलवाल्यांना बंदुका भाड्याने देतो. सगळ्या जुन्या, इंग्रजांच्या फौजेतून निघालेल्या, लायसन मामाच्या नावावर. बंदुकीसोबत काडतुसं लागतात, कारण कॅमेरा जवळ आला की हिरोच्या हातात काहीतरी दिसायला लागतं. ती आम्ही बनवतो. वापरून झालेली पुंगळी घ्यायची, घासून चकचकीत करायची, तिच्या तोंडात आम्हीच ओतलेली शिशाची गोळी बसवायची. दारू नाही. दारूच्या जागी आत एक लोखंडी छर्रा, हलवलं की वाजतो. वाजलं की समजायचं डमी आहे.

बार उडताना दाखवायचा असेल तर काडतूस वेगळं. त्यात दारू असते, पुढे गोळी नसते. आवाज येतो, धूर येतो, बाहेर काही येत नाही. ती काडतुसं मामाच्या पेटीत, पेटीला कुलूप, चावी मामाच्या करगोट्याला.

म्हणजे एकात गोळी आहे, दारू नाही. दुसऱ्यात दारू आहे, गोळी नाही. बंदुकीच्या नळीत या दोघांची गाठ पडता कामा नये. आमचा धंदा एवढाच आहे, बाकी सगळं घासणं-पुसणं.

मला हे काम जमतं. दहावीत शाळा सोडली, मग मॉलमध्ये, मोबाईलच्या दुकानात, एका लॅबची सॅम्पलं पोचवायला अशी कामं केली. सगळीकडे कोणाशी ना कोणाशी वाजलं. गाळ्यावर कोणी डोकं खात नाही. शिसं वितळायला वेळ लागतो, तोपर्यंत बसावंच लागतं.

पावसाळा संपता संपता मामाला एका वेबसिरीजचं काम आलं. इंग्रजांच्या वेळचा गिरणीतला संप, आणि संपवाल्यांवर गोळी झाडणारा पोलीस शिपाई. शिपाई म्हणजे हिरो, अर्णव. त्यांना मार्टिनी नावाच्या जुन्या बंदुका पाहिजे होत्या. मार्टिनीत एका वेळी एकच काडतूस जातं. खालचा दांडा ओढला की मागून तोंड उघडतं, काडतूस अंगठ्याने आत ढकलायचं, दांडा वर. परत ओढला की काडतूस मागे उडून पडतं. कॅमेऱ्यात छान दिसतं म्हणे. गोळी अंगठ्याएवढी जाड, नुसत्या शिशाची, वर तांब्याचं काही नाही. त्यामुळे ओतायला सोपी.

शिसं आम्ही शीव कोळीवाड्यातून आणतो. जाळ्याला लावायचं जुनं शिसं एक बाई वजनावर देते. ते मऊ असतं, नखाने ओरखडा उठतो. या वेळी बाई लेकीकडे पालघरला जाऊन बसलेली. अर्ध्या गोळ्या झाल्या आणि शिसं संपलं. मामा ठाकूरद्वारला जातो म्हणून गेला आणि टॅक्सीतून पोतं घेऊन आला. टॅक्सीवाला पोतं उतरवताना मला विचारत होता, यात माणूस आहे का.

पोत्यात खिळे होते. छापखान्यातले, एकेका अक्षराचे. तिथल्या वाडीतला कुठलातरी छापखाना कधीचा बंद पडलेला, आता जागा रिकामी करत होते.

"शाळेत अक्षरं नको होती ना तुला," मामा म्हणाला. "घे. पोतंभर आणलीत. वितळव."

"तू किती शिकलायस?"

"नववी."

"मग मी एक इयत्ता पुढे आहे. गप्प बस."

खिळे मऊ शिशापेक्षा लवकर पाघळले. एक 'ढ' बराच वेळ वर तरंगत राहिला. मामाने डोकावून बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बोल, बोल." तो म्हणाला, "मी खंय काय बोललंय?"

वरची मळी काढली, साचा मेणबत्तीवर धरून काळा केला, पळीने ओतलं. पहिली गोळी पडली ती बघूनच कळलं की ही वेगळी आहे. कोळीवाड्याच्या शिशाची गोळी राखाडी, कडा जरा झोपलेल्या. हिच्या कडा नव्या होत्या. साच्यात एक बारीक ओरखडा आहे, मला तो कधी दिसला नव्हता, या गोळीवर तो केसासारखा उठून आला. नख लावलं तर नखच वाकलं.

सम्यक तेव्हा गाळ्यावर बसलेला, दारातल्या स्टुलावर, कारण आत धूर लागतो म्हणतो. सम्यक माझा शाळेपासूनचा मित्र, वरळीच्या बीडीडीतला. त्यांची चाळ पाडून टॉवर झालाय, आता तो वर कुठेतरी बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्टच्या तक्रारी करतो. शूटिंगला गर्दीत उभं राहायची कामं घेतो. आमच्याच सिरीजमध्ये त्यालाही काम लागलं होतं, आणि या वेळी गर्दीतलं नाही.

"अर्णव सर मला गोळी घालतायत," तो मामाला सांगत होता. "क्लोज आहे माझा. मरतानाचा. एकटा मी फ्रेममध्ये."

"डायलॉग?"

"'आई' बोलायचं होतं. मग कट केलं. बोलले, सगळेच आई बोलतात."

"किती वेळ मरतोस?" मी विचारलं.

"चार सेकंद."

"चार सेकंदात काय होतं. मच्छर पण जास्त वेळ घेतो."

"तू जळ. अख्ख्या मजल्याला सांगितलंय मी. सुर्वे काकू बोलल्या, टीव्हीवर बघताना रडणार."

"त्या लिफ्ट बंद पडली तरी रडतात, तूच सांगत होतास."

सम्यकने खिळ्यांतला एक उचलून माझ्यावर फेकला. मी तो झेलून कढईत टाकला.

गोळ्या ओतून झाल्या, आता पुंगळ्यांत बसवायच्या. जाईनात. आधीच्या अंगठ्याने दाबल्या की बसायच्या, या तोंडावरच अडत होत्या.

"मामा, घट्ट जातायत."

त्याने एक घेऊन बघितली. मग एक लाकडी खुंटी दिली, तासून निमुळती केलेली. ती पुंगळीच्या तोंडात घालून वरून ठोका मारायचा, तोंड जरासं रुंदावतं. मग गोळी बसते. सैल वाटली तर मेणाचा टिपका.

"बंदुकीच्या नळीचं माप घेऊन बघूया का?" मी म्हटलं.

"डमी हा गो ती. झाडणार कोण आहे तिला?"

त्यात चूक काही नव्हती. झाडायची असती तर मामाने कागदाच्या जाडीएवढा फरकही धरून माप काढलं असतं, मी त्याला तसं करताना बघितलंय. पण डमी ही दाखवायची वस्तू. दिसायला बरोबर असली, हलवल्यावर वाजली, की झाली. सगळे असंच करतात. मी खुंटी ठोकत बसले. दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या एकाच डब्यात गेल्या.

शूटिंग परळला, एका बंद गिरणीच्या शेडमध्ये. वरून काचांच्या उतरत्या छपरातून उजेड येतो आणि दिग्दर्शकाला तोच उजेड पाहिजे होता, लाईट लावायचे नव्हते. त्यामुळे सकाळपासून सगळे ऊन बघून घाई करत होते. सगळ्यात जास्त हितेंद्र. हा पहिला असिस्टंट डायरेक्टर. दिग्दर्शक पडद्यामागे मॉनिटरला बसलेला असतो, सेटवर आवाज हितेंद्रचाच. कानाला वॉकी, गळ्यात टॉवेल, बोलताना समोरच्याकडे बघत नाही.

मामाने आल्या आल्या सगळ्या बंदुकांच्या नळ्यांतून गज घातला. गज म्हणजे लांब सळी, नळी साफ करायची. एका बाजूने घालायचा, दुसऱ्या बाजूने बाहेर आला की नळी मोकळी. मग त्याने अर्णवला समजावलं. हळू, नम्रपणे, जसा तो मला कधीच समजावत नाही.

"सर, बार उडवताना नेम माणसावर नाय धरायचा. तो बाजूचा खांब आहे ना, त्याच्यावर. कॅमेऱ्यात सरळच दिसतं."

"पण याच्यात गोळी नसते ना?"

"नसते. तरी खांबावर."

अर्णव चांगला होता तसा. मान डोलावली, मामाला 'दादा' म्हणाला. पण रिहर्सलला मी बघत होते, बंदूक उचलताना तो खांबावर धरायचा आणि मग डोळे सम्यककडे गेले की नळी डोळ्यांच्या मागे मागे जायची. सम्यक समोर, क्रिकेटच्या पिचपेक्षा कमी अंतरावर, मळकी बंडी घालून. छातीवर बंडीला आधीच भोक पाडून ठेवलेलं, आत लाल रंगाची पिशवी. दुसऱ्या रिहर्सललाही तेच. तिसऱ्यालाही तेच, आणि कोणी काही बोलेना, कारण सगळे त्याचा चेहरा बघत होते.

"ओ," मी म्हटलं. "खांबावर सांगितलंय ना तुम्हाला? कान आहेत का नुसते लावलेत?"

शेडमध्ये आवाज घुमतो. सगळे थांबले. अर्णवने बंदूक खाली केली. हितेंद्र माझ्याकडे न बघता मामाकडे आला.

"गुणाजीभाऊ, ही कोण?"

"भाची माझी. हेल्परीण."

"ही परत एक शब्द बोलली ना, तर तुम्ही तिच्यासकट तुमच्या बंदुका उचलायच्या. मला काय, मी लाठ्यांवर सीन करून घेतो. इतिहासात लाठ्या पण होत्या. चालेल?"

"नाय बोलणार ती."

मामाने मला दंडाला धरून पट्टीच्या मागे नेलं. सेटभोवती पिवळी पट्टी लावलेली, कामाचे लोक आत, बाकीचे बाहेर. "हंयसर बस," तो म्हणाला. "डमी पूस. तोंड उघडू नको. हे काम गेलं ना, तर दिवाळीपर्यंत दुसरं नाय माझ्याकडे." तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं वाटलं असतं, मग मलाही चिडता आलं असतं.

आधी भरतानाचे शॉट झाले. कॅमेरा अर्णवच्या हाताला चिकटलेला. दांडा ओढ, डमी घाल, दांडा वर, दांडा खाली, डमी मागे उडते. खाली गोणपाट अंथरलेलं, पुंगळी फरशीवर पडून वाजू नये म्हणून. प्रत्येक टेक झाला की मी पट्टीखालून हात घालून पडलेली डमी उचलायची, पुसायची, मामाला द्यायची. बरेच टेक झाले. कधी बोटं थरथरली, कधी घाम दिसला, कधी वरून ढग गेला.

"हे घट्ट जातंय," अर्णव मध्येच म्हणाला. अंगठा दाखवत होता, लाल झालेला. "आधीचं गेलं, हे जात नाहीये."

"जोर लावा जरा, सर," मामा म्हणाला.

मग मेकअपवाल्याने अंगठ्याला काहीतरी लावलं. परत टेक. त्याने दात खाऊन ढकललं, दांडा वर दाबून बसवला. दात खाल्लेले दिग्दर्शकाला आवडले. "ओके," आतून आवाज आला. अर्णवने दांडा ओढला, काडतूस मागे उडालं, आणि सगळे एकदम दुसऱ्या शॉटसाठी पळापळ करायला लागले, कारण ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं.

मी उचललं ते काडतूस नव्हतं. नुसती पुंगळी होती.

सकाळी एका डमीची गोळी अशीच निसटली होती, गोणपाटावर पडली, मी परत बसवली. मेण सुटतं कधी कधी. म्हणून मी शोधायला लागले. गोणपाटावर नव्हती. गोणपाट उचलून झटकलं, खाली नव्हती. छर्रा सापडला, तो मागेच पडलेला. अंगठ्याएवढी जाड चकचकीत गोळी काळ्या फरशीवर लपत नाही. आणि नुसती निसटली असती तर छर्र्यासारखी तीही मागेच पडली असती. पुंगळीचं तोंड बघितलं. आतून ताजा ओरखडा, पितळ सोलल्यासारखं. पडून निसटलेल्या गोळीने असा ओरखडा येत नाही. कोणीतरी ती समोरून धरून ठेवली आणि पुंगळी मागे ओढली, तर येतो.

तेव्हा मी वर बघितलं.

मामाने पेटी उघडून बार उडवायचं, दारूवालं काडतूस घातलं होतं आणि बंदूक अर्णवच्या हातात दिली होती. ते काडतूस आखूड असतं, पुढे गोळी नसल्यामुळे. पुढे काही अडकलेलं असलं तरी त्याच्या मागे आरामात बसतं. नळीतून परत गज घालायचा मामाचा नियम आहे, डमीनंतर बार असला की घालायचाच. पण सकाळी गज घातलेली तीच बंदूक होती, आणि हितेंद्र त्याच्या डोक्यावर उभा राहून ऊन दाखवत होता. गज राहिला. मामा आता कॅमेऱ्याच्या मागे, दोन्ही कानांत कापूस घालून. माझ्याकडे पाठ.

"सायलेन्स."

सगळीकडे शांत झालं. एक पंखा बंद केला त्याचाही आवाज कळला.

"रोल साऊंड."

सम्यक जागेवर उभा राहिला. तोंड हलवून घेतलं, मरायच्या आधी तो तसं करतो, गाळ्यावर करून दाखवलेलं. अर्णवने बंदूक उचलली. खांबावर. मग डोळे सरकले आणि नळी त्यांच्या मागे निघाली.

मी पट्टीखालून गेले. ओरडले नाही. ओरडले असते तर तो दचकला असता आणि बोट घोड्यावर होतं. बाजूने गेले, त्याच्या डाव्या अंगाने, आणि नळीला खालून हात लावून ती छपराकडे ढकलली. दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"बोट काढा," मी म्हटलं. "सर, बोट बाहेर काढा."

त्याने काढलं. बार उडाला नाही.

मग हितेंद्रचा आवाज सुरू झाला. तो काय काय बोलला ते सगळं मला आठवत नाही, आईवरून होतं, माझ्या आणि मामाच्या दोघांच्या. कोणीतरी माझी कॉलर मागून ओढली. मी बंदूक सोडली नाही. मामा आला, कानातला कापूस काढत, आणि त्याचा हात वर गेलेला मी बघितला. मला वाटलं मारतो. मी त्या हातात रिकामी पुंगळी ठेवली.

त्याने ती फिरवून बघितली. तोंडात करंगळी घातली, ओरखड्यावरून फिरवली. मग अर्णवला म्हणाला, "सर, जरा माझ्याकडे." बंदूक घेतली, नळी वरच ठेवून दांडा ओढला, दारूचं काडतूस काढून खिशात टाकलं. मला म्हणाला, "गज."

मी गज आणला. मामाने तो नळीच्या तोंडातून घातला. आत गेला, गेला, आणि थांबला. मामाने गजावर जिथे नळीचं तोंड येतं तिथे अंगठा धरला, गज बाहेर काढला आणि बंदुकीच्या बाहेरून लावून दाखवला. टोक पार मागेपर्यंत पोचत नव्हतं. काडतुसाच्या जागेच्या पुढे काहीतरी होतं.

"क्या है?" हितेंद्र म्हणाला. "गंज आहे का?"

मामाने गज परत आत घातला. लाकडी हातोडीने गजावर ठोके मारले. टक, टक, टक. शेडमध्ये एवढे लोक आणि तेवढाच आवाज. मग काहीतरी सुटलं आणि मागून त्याच्या तळहातावर पडलं. गोळी. अंगावर नळीच्या आतल्या पिळाच्या, आट्यांच्या खुणा, नखाने ओढल्यासारख्या, आणि बाकी अंग तसंच चकचकीत.

"खिळ्यांची," मामा मला म्हणाला.

मग त्याने डब्यातल्या डमी एकेक करून नळीत घालून बघितल्या, सगळ्यांच्या समोर, सावकाश. कोळीवाड्याच्या गोळीवाल्या आत जायच्या, बाहेर यायच्या. खिळ्यांच्या अडायच्या. जोर लावला की जायच्या, आणि परत येताना जड यायच्या. एक परत आलीच नाही, पुंगळीच आली.

"साचा तोच आहे," मी म्हटलं.

"साचा तोच. शिसं थंड झालं की आक्रसतं. खिळ्याचं तेवढं आक्रसत नाय, म्हणून तर अक्षर कोरल्यासारखं उमटतं." तो कोणाकडे बघून बोलत नव्हता. "केसभर जाड राहते. माका म्हायती होतं हे. डोक्यातच आलं नाय."

हितेंद्रला आट्या आणि शिसं काही कळलं नव्हतं, पण त्याने एकदा मामाच्या तळहातावरच्या गोळीकडे बघितलं आणि एकदा सम्यककडे, आणि त्याला जेवढं कळायला पाहिजे तेवढं कळलं. त्याने टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"ही कोणी बनवली?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. "माल माझा आहे," मामा म्हणाला. "माझ्या गाळ्यातला. बारच्या आधी गज घालायचा राहिला, तो पण मी."

"मग उचला. सगळं. आत्ता." मग हितेंद्र थोडा थांबला. "एक बंदूक ठेवा. रिकामी. अर्णव सर नुसती धरतील, धूर आम्ही नंतर कॉम्प्युटरवर करू. दिवस संपला की कोणीतरी आणून देईल. आणि ही मुलगी मला कुठल्याच सेटवर दिसता कामा नये. माझ्याच नाही, कुठल्याच. मी सगळ्यांना सांगणार आहे."

"बंदूक अशी ठेवता येत नाय. लायसन माझं आहे. मी बाहेर बसतो, झालं की घेऊन जातो."

अर्णव एका खोक्यावर बसला होता. कोणीतरी दिलेलं पाणी हातात तसंच. मग तो उठून सम्यककडे गेला, समोर उभा राहिला.

"तुमचं नाव काय?" त्याने विचारलं.

सकाळपासून तो त्याला मारायची रिहर्सल करत होता.

"सम्यक."

"हां. सम्यक." त्याने हात पुढे केला. सम्यकने आधी बंडीला पुसून मग हात मिळवला. त्याचा चेहरा पांढरा नव्हता वगैरे काही. त्याला वाटत होतं आता सीन कॅन्सल होणार, ते मला त्याच्या मानेवरून कळत होतं.

आम्ही बाकीच्या बंदुका टेम्पोत ठेवल्या. मामा पुढे ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसला. मी शेडच्या गेटपाशी थांबले. वॉचमनने आत जाऊ दिलं नाही, पण तिथून दिसत होतं. त्यांनी दोन फळ्या आणल्या. एक पोरगा कॅमेऱ्याच्या मागे फळ्या घेऊन उभा. हितेंद्रने हात खाली केला की फळ्या एकमेकींवर आपटायच्या, आणि त्या आवाजाला सम्यकने मरायचं.

पहिल्यांदा तो आवाजाच्या आधीच पडला. दुसऱ्यांदा पिशवी फुटलीच नाही. तिसऱ्यांदा बराच वेळ तसाच उभा राहिला, काही झालंच नाही असं वाटलं, आणि मग गुडघे एकदम गेले, बसल्यासारखा खाली आला आणि आडवा झाला. फरशीवर डोकं आपटल्याचा आवाज गेटपर्यंत आला. कोणी कट म्हणेना. मग म्हणाले.

तो बाहेर आला तेव्हा ऊन गेलेलं. केसांत धूळ, हातात वडापाव, बंडी छातीपासून पोटापर्यंत लाल. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, त्याला आवडत होतं.

"बघितलंस का?" तो म्हणाला.

"बघितलं."

"मेलो का नीट?"

"पहिले दोनदा नाही. शेवटचा चांगला मेलास."

"चार सेकंद बोलले होते, अकरा घेतले. डायरेक्टर बाहेर आला उठून, माहितीये? ठेवणार बोलला सगळे." त्याने वडापाव चावला. "तू मध्ये आलीस तेव्हा मी जाम शिव्या घातल्या तुला. मनात. मला वाटलं तुझी सटकली परत. म्हटलं, हिने लावली माझी वाट."

"मग?"

"मग काय. मग ते मामाच्या हातात बघितलं." तो चावत राहिला. "अर्णव सरांनी नंबर घेतला माझा."

"करेल?"

"नाय करणार."

अर्णवच्या माणसाने मामाची बंदूक आणून दिली. मामा टेम्पोतून उतरला, तिची नळी बघितली, गज घातला, दुसऱ्या टोकाने काढला, कापडात गुंडाळून आत ठेवली. मग त्याचं लक्ष सम्यककडे गेलं. भोक बंडीच्या डाव्या बाजूला होतं, बटणाच्या जरा खाली. ड्रेसवाल्यांनी जागा बरोबर काढली होती. सम्यक वडापावचा कागद चुरगळत होता आणि दुसऱ्या हाताचं बोट सहज त्या भोकात घालून फिरवत होता.

"ती काढ," मामा म्हणाला.

"काय?"

"बंडी. काढ ती."

"राहू दे ना मामा. बोलले, घेऊन जा, जुनीच आहे. आईला दाखवतो ना अशीच, दारात उभा राहून. सुर्वे काकूंना पण."

"काढ सांगतंय ना मी."

मामा आवाज चढवत नाही. आत्ताही चढवला नव्हता, पण ड्रायव्हरने आरशात बघितलं. सम्यकने माझ्याकडे बघितलं. मी कागदासाठी हात पुढे केला. त्याने कागद मला दिला, बंडी डोक्यावरून काढली आणि उघडा फुटपाथवर उभा राहिला. छातीवर लाल रंग सुकलेला, बाकी काही नव्हतं. मामाने स्वतःच्या पाण्याच्या बाटलीने रुमाल ओला केला आणि तो पुसायला लागला, लहान पोराचं पुसतात तसं, जोरात.

"लागतंय ओ," सम्यक म्हणाला.

"लागू दे," मामा म्हणाला, आणि पुसत राहिला.